मोटार बाहेर, पाणी आत

लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळेनासं झालं होतं आणि आमचे यजमान चालवत ती मोटार कोळशावर चालायची. सकाळी खोपोलीहून सुटायची, खालापूर, चौक करत पनवेलला जायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची. मोटारीच्या मागं उभं लोखंडी पिंप बसवलेलं होतं. त्यात लोणारी कोळसा पेटवायचा, हाताचा पंखा गरगर फिरवायचा आणि गॅस धरला की मग इंजिन सुरू व्हायचं. कोळसा कोरडा असला तर अर्ध्या तासात काम व्हायचं. ओला असला तर नुसता धूर.

आषाढातल्या एका सकाळी तसा धूर झाला. रस्त्यावर उतारू छत्र्या घेऊन उभे, यजमान पंखा फिरवून घामाघूम, आणि पिंपातून निघतोय तो पांढरा, जड धूर. त्यांनी कोळशाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि माझ्याकडं वळून बघितलं.

"पोती ओली कशी झाली?"

"मला काय माहीत?" मी म्हणाले. खरंच मला माहीत नव्हतं.

"तू गॅरेजात कपडे वाळत घालतेस."

घालत होते. आम्हांला राहायला गॅरेजाशेजारची एक खोली होती, मोटारीच्या मालकानं दिलेली. त्या खोलीत चूल, अंथरूण, भांडी, सगळं. पावसात कपडे वाळवायचे कुठं? मोटार दिवसभर बाहेर असायची, म्हणून मी तिच्या जागेवर दोरी बांधली होती. पण ती दोरी मागच्या भिंतीकडं होती आणि पोती होती दाराजवळ. मोटार तोंडानं आत जायची, म्हणजे पिंप दाराकडं यायचं, म्हणून कोळसाही तिथंच हाताशी ठेवलेला. माझ्या लुगड्याचं पाणी पोत्यांपर्यंत जाणार कसं, हे मला विचारायचं होतं. पण लग्नाला दोन महिने झालेले, उतारू ऐकत होते, मी सरळ खोलीत निघून गेले.

मी आले होते बारामतीकडच्या एका कोरड्या गावातून. आमच्याकडं पाऊस वरून खाली पडायचा आणि जमिनीत जायचा. इथला पाऊस कुठून येतो आणि कुठं जातो, तेच मला कळत नव्हतं. सकाळी उगवतीच्या भिंतीवर ओल दिसायची, दुपारी मावळतीच्या. पीठ मऊ पडायचं, काडी पेटायची नाही, उशीला शेवाळाचा वास यायचा. त्यामुळं यजमान म्हणाले तेव्हा मला वाटलं, असेलही. इथं कपड्यांतलं पाणी चालत पोत्यांपर्यंत जात असेल. या मुलखात काय होईल सांगता येत नाही.

तरी त्या दिवशी मोटार गेल्यावर मी कपडे वाळत न घालता गॅरेजाच्या दाराला बाहेरून लोखंडी साखळी लावली आणि स्वयंपाकाला लागले. अकराच्या सुमाराला सर येऊन गेल्यावर दार उघडून पाहते, तर उंबऱ्यापासून आत दोन हात जमीन ओली आणि पोत्यांच्या बुडाशी पाणी साचलेलं. वर पाहिलं, पत्रे कोरडे. दोरीवर काही नव्हतं.

संध्याकाळी यजमानांना दाखवायचं म्हणून मी ते पाणी पुसलं नाही. पोती तेवढी विटांवर चढवली. ते आले, मोटार आत घेतली. मोटार पनवेलपासून भिजत आलेली. चाकांतून, टपावरून, पायरीखालून धो धो पाणी निथळलं. दोन मिनिटांत सगळं गॅरेज ओलं झालं.

"हे बघा, पाणी," मी म्हणाले.

"दिसतंय की," ते म्हणाले. "मोटारीचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गॅरेजात गेले. रात्रभर पाऊस कोसळला होता. मला वाटलं, आता तरी तळं दिसेल. पण आदल्या संध्याकाळचं पाणी मातीनं पिऊन टाकलेलं, आणि मोटारीखालची जागा वगळता जमीन कोरडी. दाराजवळची माती तर पायाला भुसभुशीत लागली.

म्हणजे मोटार आत असली की गॅरेज कोरडं, मोटार बाहेर गेली की पाणी आत. पाऊस तोच, दार तेच. मी दिवसभर त्याचा विचार करत राहिले आणि माझी आमटी करपली.

दार दोन फळ्यांचं होतं. लाकडी चौकट, तिच्यावर पत्रा ठोकलेला, तोंड मावळतीला, रस्त्याकडं. खाली चार बोटं फट होती. मी ठरवलं, आत राहून बघायचं. पुढची सर आली तशी गॅरेजात शिरले, दार लोटलं आणि आतून आडणा, म्हणजे आडवा लाकडी दांडा, घातला. अंधार झाला. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की मला माझा खोकला ऐकू येईना. दोन फळ्यांच्या मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसत होती, तिथून थेंबही येत नव्हता. पाणी येत होतं ते खालून. उंबऱ्याच्या फटीतून दोन धारा आत सरकत होत्या, चाकांनी पडलेल्या खळग्यांतून, अगदी हळू, जनावर सरपटत यावं तशा.

मला इतका आनंद झाला! सापडलं. मी रिकामी पोती गुंडाळली, चिखलात बुडवली आणि फटीत घट्ट कोंबली. धारा थांबल्या. मग बाहेर आले, साखळी लावली आणि दुपारभर निवांत झोपले.

उठून दार उघडलं तर पुन्हा ओलं. पहिल्याइतकं नव्हतं, पण पोती भिजलीच होती, आणि या वेळी वरच्या अंगानं भिजली होती. मी कोंबलेली गोणपाटं हातात घेतली. ती पाण्यानं फुगली होती, पिळली की धार लागत होती. मला वाटलं, हीच बाहेरचं पाणी पिऊन आत सोडतात. मी ती सगळी उपसून रस्त्यापलीकडं फेकून दिली.

आज कळतं, ती गोणपाटं त्यांचं काम चोख करत होती. पण तेव्हा मला कोण सांगणार?

यजमानांनी कुरकुर करत एकदाचा सुतार बोलावला. वयस्कर माणूस होता, कानाला पेन्सिल, तोंडात पान. त्यानं दार आतून बाहेरून न्याहाळलं, आडणा घालून दोन्ही फळ्या ढकलून पाहिल्या.

"पाणी मधल्या सांध्यातून येतंय, वहिनी," तो म्हणाला.

"मी आत बसून पाहिलंय. मधून येत नाही, खालून येतं."

"खालून येईल कसं? मोटारखाना मी बांधताना बघितलाय. उंबरा रस्त्यापेक्षा वीतभर वर हाय."

त्यानं मधल्या सांध्यावर सागाची पट्टी ठोकली, वरच्या चौकटीला डांबर लावलं आणि दोन तांबे पाणी दारावर ओतून दाखवलं. आत एक थेंब आला नाही. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मोटार गेली, पाऊस आला, आणि दाराच्या आत घोटा बुडेल एवढं पाणी. या वेळी तर मागच्या भिंतीपर्यंत गेलं, कारण जमिनीचा उतार आतल्या बाजूला होता. मी मग पोती मागच्या भिंतीपासून परत दाराकडं, दाराकडून परत मागं अशी ओढत राहिले. माझे हात, तोंड, लुगडं काळं झालं.

अशा अवतारात शेजारच्या मावशींनी मला पाहिलं. मावशी म्हणजे रस्त्याच्या कडेच्या भातखाचरांची मालकीण. नवरा गेलेला, दोन मुलगे मुंबईला गिरणीत, आणि ही एकटी बाई शेत करायची. गुडघ्यापर्यंत ओचा खोचलेला, डोक्यावर इरलं, हातात फावडं. आमचं बोलणं तोवर फार झालं नव्हतं, कारण त्यांचं बोलणं मला निम्मं कळायचं आणि माझं ऐकून त्या हसायच्या.

"काय गं पोरी, भूत झालंस की काय?"

मला रडू आलं. मी तिथंच कोळशाच्या पोत्यावर बसले आणि सगळं सांगितलं. कपडे, गोणपाटं, सुतार, सगळं. "मी आत बसले की कमी येतं, मी बाहेर गेले की जास्त येतं. ते म्हणतात मीच सांडते. आता मलाही वाटायला लागलंय, मीच सांडत असेन."

मावशींनी इरलं काढून भिंतीला टेकवलं.

"असं कर. मी आत ऱ्हाते. तू बाहेर जा आन रोज लावतंस तशी साखळी लाव."

"तुम्हांला कोंडू?"

"कोंड. येक सर येऊं दे. मी आतून सांगते."

हे मला सुचलंच नव्हतं. मी नेहमी आत जाऊन आडणा घालायची. पण मी बाहेर जायची तेव्हा दाराला आडणा नसायचा, साखळी असायची. मी साखळी अडकवली आणि दाराबाहेर भिजत उभी राहिले. सर आली, तिच्याबरोबर वारा आला, आणि आतून मावशी ओरडल्या.

"अगं, दार हालतंय!"

"काय?"

"दार! वाऱ्यानं उघडतंय. माजा हात जाईल येवढी फट पडतेय. आन मग मिटतंय. पट्टी ठोकलीय ना, ती येकाच फळीला. दुसरी फळी तिला सोडून जातेय!"

मी साखळीकडं बघितलं. ती सैल होती. इतके दिवस मी ती लावत होते, पण ती सैल आहे हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. वाऱ्याचा झोत आला की फळ्या आत दबायच्या आणि पावसाचा झपकारा थेट पोत्यांवर जायचा. वारा ओसरला की दार पुन्हा शहाण्यासारखं मिटून उभं.

"आन खालून बी येतंय," मावशी आतून म्हणाल्या. "चांगलं पाट सोडल्यावानी येतंय."

म्हणजे दोन वाटा होत्या. मी एक बुजवली तेव्हा दुसरी चालू होती, म्हणून मी पहिली पुन्हा उघडली. सुतारानं दुसरीवर पट्टी मारली, तीही आडणा घालून, म्हणजे जेव्हा त्या पट्टीची गरजच नव्हती. सगळेच खरं बोलत होते.

"पण रात्री का येत नाही?" साखळी काढत मी विचारलं.

मावशींनाही ते कळेना. मलाच मग हळूहळू उमगलं. रात्री यजमान आडणा घालत आणि मागच्या खिडकीतून बाहेर येत. शिवाय मोटारीत दोन जाड फळ्या असायच्या, चिखलात चाक रुतलं तर खाली घालायला. त्या फळ्या ते रात्री दाराच्या खालच्या फटीला आडव्या लावून ठेवत, साप आत येऊ नये म्हणून. पाण्याचा विचार त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता. सकाळी त्या फळ्या मोटारीबरोबर पनवेलला जात.

मावशी बाहेर येऊन रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. आपल्या खाचरात पाणी कुठून शिरतंय ते बघावं तशा वाकून बघत होत्या.

"हे रस्त्याचं पाणी हाय."

"सुतार म्हणाला, उंबरा रस्त्याच्या वर आहे."

"व्हता. शिमग्याच्या आधी मिलटरीच्या लाऱ्या जायच्या म्हून खडी टाकली, रूळ फिरवला. रस्ता वर आला. उंबरा तितंच राह्यला."

मी आले वैशाखात. मला तो रस्ता पहिल्यापासून तसाच उंच वाटत होता. सुतारानं बांधताना पाहिलेलं खरं होतं, पण ते जुनं खरं होतं. आणि यजमान? ते रोज त्या रस्त्यावरून जात होते. त्यांनाही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी गॅरेजासमोर आडवा चर खणला आणि तो आपल्या खाचराकडं वळवला. "माजं भात पील," म्हणाल्या. चाकं जातात तिथं आम्ही दोघींनी चरावर दोन चपटे दगड टाकले. उंबऱ्यापाशी त्यांनी मला चिखलात पेंढा कालवून बांध घालायला शिकवलं. चिखल किती घट्ट हवा, पाय कसा दाबायचा, वरून फावड्याची पाठ कशी फिरवायची. सकाळी मोटार गेली की चाकांनी तो बांध मोडायचा, आणि मी तो पुन्हा घालायची. सुताराला बोलावून बाहेरच्या बाजूनं दोन लोखंडी कडी बसवून घेतली, त्यांत बाहेरून आडणा. फुटलेल्या टायरच्या पट्ट्या कापून त्यानं दाराच्या खालच्या कडेला झालरीसारख्या ठोकून दिल्या. "मी सांगितलंच व्हतं, सांध्यातून येतंय," जाताना तो म्हणाला.

पाणी थांबलं. कोळसा कोरडा राहिला, मोटार वेळेवर सुटायला लागली. आठवड्यानं यजमान जेवताना खुशीत म्हणाले, "बघ, कपडे वाळत घालायचं बंद केलंस तसं पाणीही बंद झालं की नाही?"

त्या गडबडीत मी गॅरेजात कपडे वाळत घालणं खरंच सोडलं होतं, जागाच राहिली नव्हती.

"अहो, चर खणला, आडणा लावला, बांध..."

"ते ठीक आहे गं. पण मूळ कारण ते."

मी त्यांना कसं पटवणार? मी एकदा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मोटार मुद्दाम रस्त्यावर काढायला लावली, बांध मोडला, नुसती साखळी लावून त्यांना आत उभं केलं, आणि बाहेर पावसाची वाट पाहत बसले. त्या दिवशी असं लख्ख ऊन पडलं, की सगळ्या खोपोलीची गोधड्या-पांघरुणं बाहेर आली. तासाभरानं आतून आवाज आला, "सोडतेस का आता?" मी सोडलं. मग माझंच मला खरं वाटेना. मावशींचा आणि माझा हा खटाटोप, आणि पाणी खरोखरच लुगड्यांचं असलं तर? असं मी दोन रात्री मनाला विचारत होते, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

श्रावणात एके दिवशी यजमान दुपारीच चालत घरी आले. मोटार खालापूरजवळ बंद पडली होती आणि त्यांना पान्हा हवा होता. त्यांनी बाहेरचा आडणा काढला, बांध पायानं मोडत आत गेले, पान्हा मिळेना म्हणून नुसती साखळी अडकवून चहाला खोलीत आले. तेवढ्यात सर आली, चांगली अर्धी घटका पडली, चरही तुडुंब भरून वाहायला लागला. चहा संपवून ते पुन्हा गॅरेजात गेले.

"अगं, इकडं ये!"

मी गेले. ते पाण्यात उभे होते. पोत्यांच्या बुडाला पाणी लागलं होतं आणि दाराच्या फळ्या वाऱ्यानं उघडमीट करत होत्या. ते वर दोरीकडं बघत होते. दोरीवर काही नव्हतं.

"कुठून आलं हे?"

मी सांगितलं. रस्ता, साखळी, फळ्या, सगळं पहिल्यापासून. या वेळी त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. एकदा बाहेर जाऊन रस्त्याची उंची पायानं मापून आले. मग माझ्याकडं बघून म्हणाले,

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

मी फावडं उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि बांध घालायला लागले. चिखल फार पातळ केला, पेंढा घालायचा विसरले. मी म्हटलं, "ठेवा, मी करते." ते म्हणाले, "कसा करायचा ते दाखव तरी." मग मी दाखवलं, मावशींनी मला दाखवला होता तसा. दोघं मिळून बांध घातला, पान्हा पोत्यांमागं सापडला आणि तो घेऊन ते भिजत खालापूरकडं गेले. त्यानंतर मोटारीतल्या त्या दोन जाड फळ्यांपैकी एक ते रोज सकाळी माझ्यासाठी मागं ठेवून जायचे.

तरी एक गोष्ट राहिली. दाराच्या उजव्या चौकटीपाशी, जमिनीपासून हातभर वर, भिंतीला तळहाताएवढा ओलसर डाग होता. सगळं बंद झालं तरी तो गेला नाही. सुतार म्हणाला, चौकट आणि भिंत यांच्यामधून येतंय. त्यानं चुना भरला. डाग तसाच. मावशी म्हणाल्या, जमिनीतला झरा असेल, भिंत वर ओढतेय. यजमानांनी आधीचा अनुभव घेतलेला, ते डागाकडं एकदा बघून मोटार पुसायला लागले. मी भाद्रपदात पाहिला, दसऱ्याला पाहिला. पावसाचा टिपूस नव्हता, डाग होता.

लढाई संपली, हळूहळू पेट्रोल मिळायला लागलं. मोटारीचं पिंप काढून गॅरेजाच्या मागं टाकलं. कोळशाची पोती गेली, आणि मग त्या गॅरेजात पाणी आलं काय, न आलं काय, कोणाला त्याचं काही नव्हतं. मी मात्र पुढचा पावसाळाभर सवयीनं बांध घालत राहिले. मावशी बांधावरून जाताना हसायच्या, "कोनासाठी घालतंस गं आता?" मी फावड्याची पाठ फिरवत राहायची.

पुढच्या वर्षी मालकानं आम्हांला कर्जतला नेलं. जायच्या दिवशी सामान टपावर चढलं, यजमान हॉर्न वाजवायला लागले, तरी मी गॅरेजात गेले आणि त्या डागावर हात ठेवला. गार लागला. दगडाचा गारवा होता, की ओल होती, ते काही मला ओळखता आलं नाही. मी हात पदराला पुसला, पदर बघितला. पदरही आधीच कुठंतरी भिजलेला होता.